एकसष्ट हरकती

ग्रॉन्याचे पत्र जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आले आणि कोलमन टियर्नीने त्याला उत्तर दिले नाही. द्यायचे नाही असे त्याने ठरवले होते, असेही नव्हे. ठरवण्याची वेळच त्याने येऊ दिली नाही. पत्र आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होते, मग चहाच्या डब्याला टेकून उभे राहिले, आणि फेब्रुवारीत केव्हातरी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गेले. वर न्यायच्या वस्तू त्या पायरीवर ठेवायच्या, ही ब्रीडची पद्धत. त्याची बायको ब्रीड जाऊन तीन वर्षे झाली होती, पण पायरी तिच्या शिस्तीने चालू होती. फक्त वस्तू आता वर जात नसत. चष्म्याचे जुने घर, बल्बचे खोके, एक मोजा, आणि ते पत्र. सकाळी उतरताना आणि झोपायला चढताना तो त्यांच्यावरून पाय उचलून जाई. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाय जरा जास्त उचलावा लागणे ही काही मोठी शिक्षा नव्हे, असे त्याला वाटे. आणि शिक्षा हा शब्द आपल्या मनात कुठून आला, याचा तो पुढे विचार करत नसे.

पत्र म्हणजे हॉटेलच्या वहीतून फाडलेली दोन पाने होती. ग्रॉन्या त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीणही आता नव्हती. किलकोरनच्या वृद्धाश्रमात, म्हणजे त्याच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, ग्रॉन्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करी. नऊ वर्षे ती भाड्याने राहत होती ते घर मालकाने विकले, आणि कौन्सिलने तिला दोन मुलांसकट विमानतळाच्या रस्त्यावरच्या हॉटेलात एक खोली दिली. तिथून ती रोज दोन बस बदलून कामावर येई. कॉन्व्हेंटच्या मोकळ्या मैदानावर एक धर्मादाय गृहसंस्था बेचाळीस परवडणारी घरे बांधू पाहते आहे, भाडे मिळकतीप्रमाणे, आणि यादीत आपला नंबर आता बराच वर आला आहे, असे तिने लिहिले होते. ‘विरोधात लिहिणारे पुष्कळ असतात, मामा. बाजूने कुणी लिहीतच नाही. तुम्हाला लिहिता येतं. एकच पान लिहा.’ मग फिया आणि रोनन बरे आहेत, रोननचा एक दात पडला. आणि शेवटी: ‘तुमचं कसं चाललंय? एवढ्या घरात एकटं नाही ना वाटत?’

या शेवटच्या वाक्यावर कोलमन अडला होता. एकतीस वर्षे त्याने जिल्हा ग्रंथालयात काढली होती, आणि छापलेल्या वाक्याखाली दुसरे वाक्य दडलेले असते हा त्याचा धर्मच होऊन बसला होता. ‘एवढ्या घरात’. घर म्हणावे तर काही एवढे नव्हते. तीन निजायच्या खोल्या, त्यातल्या एकीत ब्रीडचे शिवणयंत्र, दुसरीत पुस्तके. पण एका खोलीत एक माणूस झोपतो आणि दोन खोल्यांत कुणी झोपत नाही, हा हिशेब पोरीने केला असणार. पत्र बेचाळीस घरांविषयी नव्हतेच, ते याच घराविषयी होते. मैदान हे निमित्त. आधी एक पान मागायचे, मग एक खोली. तिने खोली मागितली नव्हती. पण न मागणे हीच तर मागण्याची हुशार रीत. असे वाटून त्याला आपल्याच मनाची शिसारी आली होती, आणि शिसारी आली म्हणून पत्र पायरीवर गेले होते. मार्चमध्ये त्या घरांना परवानगी नाकारल्याची बातमी आली तेव्हा त्याने पहिल्यांदा सुटकेचा श्वास सोडला. आता उत्तर देण्यासारखे काही उरलेच नव्हते.

जूनमधल्या त्या गुरुवारी तो दूध आणायला निघाला आणि कॉन्व्हेंटच्या फाटकापाशी थबकला. फाटकाच्या गजाला प्लास्टिकच्या पाकिटात नोटीस बांधली होती. पिवळी. जानेवारीतली पांढरी होती. एकाच जमिनीसाठी सहा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा अर्ज आला की नोटीस पिवळ्या कागदावर लावायची, असा नियम. तो कोलमनला माहीत होता, कारण असले नियम त्याला नेहमीच माहीत असत. तरी पिवळा रंग पाहून वाटले, जणू कुणीतरी रस्त्यात गाठून खांद्यावर बोट ठेवले. हरकती व सूचना पाच आठवड्यांत. त्याने तारीख पाहिली, बोटांवर आठवडे मोजले. चार आठवडे नोटीस तिथेच लटकत होती आणि तो पलीकडच्या फुटपाथने जात होता. शिल्लक होता एक आठवडा. पुढचा शुक्रवार शेवटचा.

“आले की नाही परत?” मागून आवाज आला. डिम्प्ना कॉइल, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, कॉन्व्हेंट रोड रहिवासी मंडळाच्या अध्यक्षा. कुत्रा सोबत होता, पण फिरायला कोण कुणाला आणले होते हे सांगणे कठीण. “हिवाळ्यात गाडलं, उन्हाळ्यात उगवले. तणासारखी जात आहे मेल्यांची.”

“गाडलं कुणी?” कोलमनने विचारले.

“मॉसने. दुसऱ्या कुणाची छाती आहे इथं? आणि तू असा घाबरल्यासारखा काय बघतोस? तुझं ते जुनं पत्र आहे ना, ते जरा झाडूनपुसून दे मला सोमवारपर्यंत. या वेळी चार मजले म्हणतायत. आकडा तेवढा बदल.”

“माझं पत्र नव्हे ते. मी फक्त स्वल्पविराम बघितले होते.”

“बरं बाई, स्वल्पविराम,” डिम्प्ना म्हणाली. “मग स्वल्पविराम झाडूनपुसून दे. आणि जेवत जा रे जरा. ब्रीड असती तर मलाच बोल लावला असता.”

ती गेली. कोलमन दूध न घेताच घरी परतला. मॉसने गाडले, हे त्याने मार्चपासून दहा ठिकाणी ऐकले होते आणि दहाही ठिकाणी त्याला ते गोड लागले होते. मॉस हॅनरहन गावाचा नगरसेवक, आणि घरांचा दलालही; मुख्य रस्त्यावर त्याचे दुकान, काचेत विकाऊ घरांचे फोटो, दारावर त्याचे नाव, आणि निवडणुकीत त्याच काचेत त्याचाच फोटो, जणू तोही विकाऊ. घरे कमी तर भाव वर, भाव वर तर दलाली वर. शेंबड्या पोरालाही कळावे असे गणित होते. शिवाय गावाबाहेर मॉसच्या मेहुण्याची बांधकामाजोगी जमीन होती, असे म्हणत. पाणी तिथे मुरत होते. ब्रीडच्या दफनाला मॉस आला होता, तसा तो सगळ्यांच्याच येतो, काळा कोट, खड्ड्याच्या कडेला बरोबर तिसऱ्या रांगेत, आणि मग कोपराला घट्ट धरून: “काही लागलं तर सांग, कोलमन. केव्हाही.” त्या वेळी त्याची नजर आपल्या खांद्यावरून पलीकडे गेली होती, हे कोलमनला अजून आठवे. पलीकडे काय होते? फाटक, रस्ता, आणि दूरवर त्याच्या घराचे धुराडे. दोन महिन्यांनी दारातून पत्रक आले, ‘आपल्या घराची आजची किंमत ठाऊक आहे का?’ ते सगळ्या गावाला आले होते. पण कोलमनला वाटले, त्या दिवशी खड्ड्याच्या कडेला उभे राहून मॉसने आपले घर मोजले, धुराड्यापासून पायापर्यंत मोजले. असा माणूस गावाच्या मानगुटीवर बसला असता एका निवृत्त ग्रंथपालाने पान लिहून काय होणार होते? लिहिले असते तरी नाकारलेच असते. हे वाक्य त्याने इतक्या वेळा मनात म्हटले होते की त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

गुळगुळीत वाक्याची त्याला एकाएकी शंका आली. त्याने ठरवले, फाइल बघायची. कुठल्याही नागरिकाला जुन्या अर्जाची फाइल कौन्सिलच्या कचेरीत बसून बघता येते. मॉसचा हात त्यात कुठेतरी उमटलेला असणारच. एक चिठ्ठी, एक शेरा, ‘नगरसेवकांशी बोलणे झाले’ अशी एखादी ओळ. ती एकदा सापडली की ग्रॉन्याला उत्तर लिहिता येईल: बघ, असे होते. आपण काय करणार.

शुक्रवारी अकराच्या बसने तो जिल्ह्याच्या गावी गेला. बसमध्ये त्याच्याच वयाची माणसे होती. शुक्रवारी अकराला दुसरे कोण रिकामे असते? कचेरीतल्या खिडकीमागे कन्सेप्टा नावाची पन्नाशीची बाई होती. नाव छातीवरच्या बिल्ल्यावर होते आणि चेहऱ्यावर, नवऱ्याला आणि सरकारला सारखेच ओळखून असल्याचा भाव. तिने चार इंची जाड फाइल त्याच्यापुढे टाकली.

“कॉन्व्हेंटची का? बसा निवांत. वाचायला फार नाही त्यात.”

“एवढी जाड आहे ती.”

“जाड आहे हो. पण एक वाचलं की साठ वाचल्यासारखं. चौऱ्याहत्तर हरकती, त्यातल्या एकसष्ट एकाच हाताच्या. नावं निरनिराळी, घरं निरनिराळी, मजकूर तोच. आम्ही इथं त्या माणसाला ‘सांजप्रकाश’ म्हणतो.”

“का?” कोलमनने विचारले. त्याला का ते कळले होते.

“वाचा, कळेल.”

त्याने उघडले. पहिली हरकत मर्फी, घर क्रमांक चार. ‘कॉन्व्हेंटच्या मैदानावर उतरणारा सांजप्रकाश ही या रस्त्याची कुणाच्याही मालकीची नसलेली, आणि म्हणूनच सर्वांनी राखायची, अशी एकमेव मिळकत आहे.’ दुसरी, घर क्रमांक सात, तोच सांजप्रकाश. तिसरी. अकरावी. जानेवारीतली संध्याकाळ त्याला आठवली: डिम्प्ना टंकलेला कागद घेऊन आली होती, हॅमचे सँडविच आणि कागद एकाच ताटलीत. सहा वर्षांपूर्वी लाकडाच्या वखारीवर इमारत होणार होती तेव्हा त्यानेच लिहून दिलेल्या मसुद्यावरून तो कागद बेतला होता, हे त्याने पहिल्याच ओळीत ओळखले होते. स्वल्पविराम बघितले. मग वाटले, मधला परिच्छेद कोरडा आहे. आणि ब्रीड त्या मैदानाकडे खिडकीतून बघत बसे ते आठवून त्याने तीन वाक्ये घातली. रात्री झोपताना त्यातला एक शब्द बदलायला तो खाली आला होता. एवढेच. स्वतःचे नाव त्याने कुठेही घातले नव्हते. नाव नाही, म्हणजे आपण नाही, असे त्याला प्रामाणिकपणे वाटले होते; आणि आठवड्याने ग्रॉन्याचे पत्र आले तेव्हा ते त्याने त्या कागदाशेजारीच टेबलावर ठेवले होते.

चोविसाव्या हरकतीत, घर क्रमांक एकोणतीस, मधोमध एक ओळ रिकामी होती. तिच्यावर पेन्सिलीच्या बारीक अक्षरात, झेरॉक्समध्ये राखाडी होऊन उमटलेले: ‘(येथे आपल्या घराविषयी दोन ओळी घालाव्यात.)’ एकोणतीस नंबरवाल्याने दोन ओळी घातल्या नव्हत्या. सूचनाच सही करून पाठवून दिली होती. अक्षर कोलमनचे होते. ग्रंथालयातल्या तीस हजार कार्डांवर होते तेच.

खिडकीमागून कन्सेप्टा मान लांब करून बघत होती. “सापडलं ना ते? जेवणाच्या सुट्टीत आम्ही मोठ्यानं वाचलं होतं. मला त्या माणसाला एकदा बघायचंय हो. मास्तर असणार कुणीतरी.”

“असेल,” कोलमन म्हणाला.

सगळ्यात लाजिरवाणे ते पुढेच होते. नाकारण्याच्या हुकुमात, अधिकाऱ्याची सही आणि शिक्का असलेल्या पानावर, कारण क्रमांक दोन: ‘मैदानावरील सांजप्रकाश ही परिसराची सामाईक मिळकत असून प्रस्तावित बांधकामामुळे तिची भरून न येणारी हानी होईल.’ त्याने ते वाचले आणि त्याच्या छातीत काहीतरी उमलले. आनंद होता तो. ‘कुणाच्याही मालकीची नसलेली’ हे गाळायला नको होते, लय गेली, असेही त्याला वाटले. मग त्या आनंदाकडे तो बघत राहिला, जसे अंथरुणात सापडलेल्या किड्याकडे बघावे. जन्मभर त्याला वाटत आले होते की आपल्या शब्दाला किंमत नाही. सभेत तो बोलत नसे, चर्चमध्ये मागे बसे, ब्रीडच्या दफनातसुद्धा त्याने दोन ओळी वाचायला दुसऱ्याला सांगितले. आणि हा आपला शब्द, शिक्क्यानिशी. मॉसची चिठ्ठी त्याने तरीही शोधली. शेवटच्या पानापर्यंत, पाठपोट. मॉसचे नाव फाइलमध्ये एकदाच होते: नगरसेवक हॅनरहन यांनी रहिवाशांची पत्रे सादर केली.

‘बाजूने’ असा शेरा असलेला एकच कागद होता. हॉटेलच्या वहीतले पान. पत्ता: खोली क्रमांक २१४. सहा ओळी. ‘मी याच गावात काम करते. माझी मुलं इथल्या शाळेत होती. ज्यांच्यासाठी ही घरं आहेत त्यांना पत्र लिहायला टेबल नाही, म्हणून पत्रं कमी येतील, त्यावरून आम्ही नाही असं समजू नये. माझे मामा कॉन्व्हेंट रोडवर राहतात, त्यांना चांगलं लिहिता येतं, त्यांचंही पत्र येईल.’ अधिकाऱ्याने समासात टिपले होते, ‘एक सूचना बाजूने. नोंद घेतली.’

कोलमनने फाइल बंद केली, पुन्हा उघडली, पान पुन्हा वाचले. त्यात तिने खोली मागितली होती का, हे तो शोधत होता. सवय अशी सुटत नाही.

शनिवारी सकाळी मॉस हॅनरहन खानावळीच्या मागच्या खोलीत लोकांची गाऱ्हाणी ऐकत बसे. कोलमन तिथे पूर्वी कधी गेला नव्हता. रांगेत दोघीजणी होत्या. एकीला पेन्शनचे काम होते, दुसरीला ते सांगताना ऐकायचे होते. त्याची पाळी आली तेव्हा मॉसने खुर्ची पुढे ओढली, चहा ओतला, स्कोनवर लोणी लावून ताटली सरकवली. हा माणूस एवढ्या आदराने का वागतो आहे, या संशयाने कोलमनने स्कोनला हात लावला नाही.

“मार्चमध्ये ती घरं तू अडवलीस,” तो म्हणाला. वाक्य त्याने बसस्टॉपपासून पाठ करत आणले होते.

मॉस हसला नाही. “गाव असं म्हणतं. म्हणू दे, मतं मिळतात त्यात. पण कोलमन, मी पोस्टमन आहे रे. तुम्ही लोक पत्रं देता, मी नेऊन टाकतो. अधिकारी म्हणतो धोरण तसं, धोरण म्हणतं रहिवाशांचा कल बघा, आणि रहिवाशांचा कल मला डिम्प्ना सांगते. पुठ्ठ्याच्या फायलीत घालून.” त्याने चहाचा घोट घेतला. “सभेत मीच वाचून दाखवलं तुझं. सांजप्रकाशाचं. उपाध्यक्ष बाईंनी डोळे पुसले.”

“माझं आहे हे तुला माहीत होतं?”

“माझ्या आईला तू वीस वर्षं पुस्तकं निवडून दिलीस. चिठ्ठ्या घालून द्यायचास आत, हे आवडेल, ते आवडणार नाही. तुझी वाक्यं मला ओळखू यायची नाहीत?”

“आणि हॉटेलातली माणसं? त्यांचा कल?”

“हॉटेलातल्या माणसाचं मत कुठल्या वॉर्डात धरायचं, ते सांग मला. आज इथं, उद्या तिसऱ्याच गावी. दफनाला जायचं म्हटलं तरी मला त्यांची घरं सापडत नाहीत.” मग तो जरा पुढे वाकला. “बाजूने एक जरी चांगलं पत्र आलं असतं ना, तर मला तेही वाचावं लागलं असतं. मी दोन्ही वाचतो. शंभर टक्के खरं सांगतो.”

शंभर टक्के खरे म्हणणाऱ्याचे किती टक्के धरायचे, हे गणित करत कोलमन घरी आला. मॉस खोटे बोलत असेल. मेहुण्याची जमीन असेलच. पण ते कळून आता काही सुटका नव्हती. चोराच्या घरात चोर सापडला तरी आपल्या खिशातली वस्तू आपल्याच खिशात राहते. संध्याकाळी तो टेबलाशी बसला. बाजूने लिहायचे होते, एकच पान. पेन उचलले आणि त्याला आढळले की बाजूने लिहिण्याची भाषाच त्याच्यापाशी नाही. नको म्हणायला किती शब्द होते: परंपरा, प्रमाण, शांतता, सांजप्रकाश. हो म्हणायला घर, भाडे, बस, दात. त्याने सुंदर वाक्य करून पाहिले आणि ते खोडले. सुंदर झाले की ते आपोआप त्या एकसष्टांत जाऊन बसे. रविवार गेला. सोमवारी डिम्प्ना आली, झाडूनपुसून झाले का विचारायला. कोलमन दारातच उभा राहिला, तिला आत ये म्हणाला नाही.

“मी या खेपेला बाजूने लिहितोय, डिम्प्ना.”

“कुणाच्या बाजूने?”

“घरांच्या. माझी भाची आहे यादीत.”

“मग तिच्यासाठी मॉसला शब्द टाक ना. एका घराचं काम होईल. त्यासाठी बेचाळीस कशाला बांधायला हवीत?” हे ती वाईटपणाने म्हणाली नाही; सोपी वाट सुचवावी तसे म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. “कोलमन, तू चांगला माणूस आहेस, म्हणून विचारते. तुझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत. ती भाची असेल एवढी जवळची, तर सहा महिने ती हॉटेलात का पडून आहे? आमच्या मैदानावर का लिहितोस?”

डिम्प्ना गेल्यावर त्याने दार लावले. जानेवारीपासून ज्या वाक्याची तो ग्रॉन्याच्या पत्राखाली वाट बघत होता, ते तिथे नव्हतेच. ते डिम्प्नाच्या तोंडात होते. आणि खरे होते. बाजूने लिहिणे हेही त्याने त्याच बेताने योजले होते की काय? मैदानावर घरे मागायची, तीनचार वर्षांनी बांधून होतील अशी, म्हणजे आज कुणी जिना चढून वर यायला नको. आपल्या चांगुलपणाच्या खालीही दुसरे वाक्य असते. तो वर गेला. ब्रीडच्या शिवणाच्या खोलीत यंत्रावर चादर होती. पुस्तकांच्या खोलीत खिडकीखाली ओल आली होती आणि एका भिंतीशी पलंग होता, त्यावर पुस्तकांच्या चवडी. त्याने एक चवड उचलून जमिनीवर ठेवली. मग दुसरी. मंगळवारभर तो हेच करत होता. कमरेत कळ आली, तेव्हा पायरीवर बसून त्याने पत्र पुन्हा वाचले, शेवटच्या ओळीसकट. ‘एवढ्या घरात एकटं नाही ना वाटत?’ कुणीतरी म्हाताऱ्या मामाला विचारावे, तसेच विचारले होते. रोज वीस म्हाताऱ्यांना विचारत असेल.

बुधवारी कौन्सिलला पान लिहून झाले. वाईट पान होते. त्यात लिहिले होते की पहिल्या अर्जावरच्या एकसष्ट हरकतींचा मजकूर माझा आहे, तो मी मागे घेतो. मैदानावरचा प्रकाश चांगला आहे हे खरे, पण तो बघायला खिडकी लागते, आणि खिडकी मला आहे. खाली पूर्ण नाव, घर क्रमांक. एकसष्टांच्या वतीने त्याला काही मागे घेता येणार नाही, हे त्याला ठाऊक होते. गुरुवारी तो स्वतः बसने जाऊन ते कन्सेप्टाच्या खिडकीत देऊन आला. तिने फी घेतली, शिक्का मारायला पान उलटले, वाचले, चष्म्यावरून त्याच्याकडे बघितले. “मला वाटलं होतं उंच असाल,” एवढेच ती म्हणाली, आणि पावती फाडून दिली.

शुक्रवारी सकाळी त्याने ग्रॉन्याला लिहिले. हॉटेलचा पत्ता आता खरा असेल की नाही कोण जाणे; तशा माणसांना हलवत राहतात. म्हणून पाकिटावर त्याने वृद्धाश्रमाचा पत्ता घातला.

‘प्रिय ग्रॉन्या, तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. तू पान मागितलंस त्याच्या आठवडाभर आधी मी विरोधातलं पान लिहून दिलं होतं. माझ्या नावानं नव्हे, पण माझंच. घरं त्यानं अडली. आता बाजूनं लिहिलं आहे. पुरेल असं वाटत नाही. इथं दोन खोल्या आहेत. एकीत ओल आहे, दुसरीत पुस्तकांचा वास. बॉयलर पहाटे आवाज करतो आणि मला माणसांची सवय राहिलेली नाही. शाळा मात्र आठ मिनिटांवर आहे. तू यावंस असं लिहिण्याचा मला हक्क आहे की नाही, मला माहीत नाही. यावंस. कोलमनमामा.’

‘यावंस’च्या आधीचे वाक्य खोडावे असे त्याला वाटले. मग वाटले, खोडले तर पुन्हा लिहावे लागेल, आणि पुन्हा लिहिले तर ते चांगले होईल. तसेच पाकिटात घातले.

पोस्टाच्या हिरव्या पेटीपाशी डिम्प्ना होती, कुत्रा, आणि काखेत पुठ्ठ्याची फाइल. मॉस पोस्टमन असला तरी या खेपेला ती हरकती स्वतः न्यायला निघाली होती, बाराच्या बसने. फाइल जानेवारीतल्याएवढीच जाड दिसत होती.

“पंचावन्न झाल्या,” ती म्हणाली. “सहाजण म्हणाले, कोलमन नाही तर आम्हीही नाही. मूर्ख कुठले.” मग पाकिटाकडे बघून: “हे काय, अजून एक बाजूने?”

“ते काल दिलं. हे भाचीला.”

“बोलावतोयस?”

“हो.”

“आणि आली म्हणजे?” डिम्प्नाने विचारले. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिलाही खरेच ठाऊक नव्हते.

आली म्हणजे काय, हे कोलमनला सांगता येईना. आली नाही म्हणजे काय, हे त्याला चांगले माहीत होते. त्याने पाकीट पेटीच्या फटीत घातले, टोकाला धरून क्षणभर तसेच ठेवले, आणि सोडून दिले.